बाळंतिणीजवळ बसण्याची पात्रता

बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्यात मानसोपचारतज्ज्ञाची गाठ पडलेली बाई आपल्याकडे विरळाच. त्या काळात तिच्या खोलीत येणारी माणसे वेगळी असतात. मालिश करून अंघोळ घालणारी बाई येते, बाळाचे वजन करायला आशाताई येते, दवाखान्यातली नर्स टाके बघते, मोठ्या शहरात स्तनपान समुपदेशक किंवा डूला, म्हणजे बाळंतपणात सोबत करणारी मदतनीस येते. बाळंतिणीला झोप लागत नाही, तिची जेवणावरची वासना उडाली आहे, बाळाला जवळ घ्यायला ती नको म्हणते, हे सगळ्यात आधी दिसते ते याच माणसांना. भारतातल्या ३८ अभ्यासांचे, म्हणजे वीस हजारांहून अधिक मातांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण २२ टक्के निघाले. साधारण पाच जणींत एक. देशात दर लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरता वाट्याला येत नाही. तेव्हा घरात शिरणाऱ्या या माणसांना आईच्या मनाचे आजार ओळखायला आणि सांभाळून घ्यायला शिकवणे ही गरजच आहे, आणि ती जगभर मान्य होऊ लागली आहे.

गरज मान्य झाली की अभ्यासक्रम येतात. दोन-तीन तासांच्या ऑनलाइन वर्गापासून परीक्षा घेऊन नावापुढे अक्षरे लावू देणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रापर्यंत सगळे आज उपलब्ध आहे. डूला, परिचारिका, प्रसूतिपूर्व वर्ग घेणाऱ्या शिक्षिका, समाजकार्यकर्त्या यांपैकी कोणीही निवड करायला बसले की तुलना होते ती तासांची, फीची, संस्थेच्या नावाची आणि त्या अक्षरांची. हे निकष निरुपयोगी नाहीत, पण दुय्यम आहेत. ज्या प्रशिक्षणांमुळे आईची प्रकृती सुधारली असा भक्कम पुरावा आहे, ती तपासून पाहिली तर त्यांत एक गोष्ट सारखी आढळते. वर्ग संपल्यावरही शिकणारीच्या कामावर कोणाची तरी नजर होती, आणि अडल्यावर विचारायला माणूस होता. म्हणून प्रमाणपत्र पारखताना ते मिळाल्यानंतरच्या महिन्यांत काय होणार आहे, हे आधी पाहावे. या प्रकरणाचा सगळा युक्तिवाद एवढ्यावर उभा आहे.

आधी या क्षेत्रातले सर्वांत परिचित उदाहरण घेऊ. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे १९८७ मध्ये जेन होनिकमन यांनी ‘पोस्टपार्टम सपोर्ट इंटरनॅशनल’ ही संस्था सुरू केली. प्रसूतीनंतर खचलेल्या आयांना दुसऱ्या आयांचा आधार मिळावा, हा तिचा मूळ हेतू. याच संस्थेने २०१८ मध्ये ‘पीएमएच-सी’ हे प्रमाणपत्र सुरू केले. त्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे. मानसोपचार करणारे, औषधे लिहून देणारे आणि डूला, स्तनपान समुपदेशक यांच्यासारखे संलग्न व्यावसायिक असे तीन वेगळे मार्ग त्यात आहेत. परीक्षेला बसण्याआधी आपल्या क्षेत्रातला दोन वर्षांचा अनुभव, चौदा तासांचे पायाभूत प्रशिक्षण आणि सहा तासांचे प्रगत प्रशिक्षण लागते. परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची असते आणि प्रमाणपत्र टिकवायला पुढेही शिकत राहावे लागते. नुसत्या हजेरीवर कागद हातात ठेवणाऱ्या वर्गांपेक्षा हे निश्चितच वरचे आहे. डूलाला डूला म्हणून तपासायचे, तिच्याकडून मानसोपचारतज्ज्ञाची अपेक्षा धरायची नाही, हा त्यातला विवेक मला विशेष मोलाचा वाटतो. पण बहुपर्यायी परीक्षा मोजते ते ज्ञान. समोरची बाई रडू लागली की गप्प बसता येते का, सासूबाई दारात उभ्या असताना आईशी दोन शब्द एकांतात बोलण्याची वाट काढता येते का, हे उत्तरपत्रिकेवर दिसत नाही.

आता पुराव्याकडे वळू. या विषयातला सर्वांत मोलाचा प्रयोग पाकिस्तानात, रावळपिंडी जिल्ह्याच्या ग्रामीण भागात झाला. आतिफ रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. तिथल्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ म्हणजे आपल्याकडच्या आशाताईंच्या जवळपासच्या. बहुतेकींचे शिक्षण शाळेपुरते, काम लसीकरण, आहार, कुटुंबनियोजन यांचे. गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात नैराश्य असल्याचे निदान झालेल्या सुमारे नऊशे स्त्रिया या प्रयोगात होत्या. चाळीस युनियन कौन्सिलांपैकी, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासकीय भागांपैकी, निम्म्यांतल्या कार्यकर्त्यांना ‘थिंकिंग हेल्दी’ ही पद्धत शिकवली गेली. आईच्या मनात घर करून बसलेले विचार ओळखायचे, त्यांच्या जागी उपयोगी विचार आणि छोट्या कृती कशा आणायच्या ते बाळाच्या निमित्ताने, चित्रांच्या आधाराने बोलायचे, अशी ती पद्धत. उरलेल्या निम्म्या भागात कार्यकर्त्या तितक्याच वेळा घरी गेल्या, पण ही पद्धत त्यांना शिकवलेली नव्हती. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा पहिल्या गटात २३ टक्के आयांना नैराश्य उरले होते, दुसऱ्या गटात ५३ टक्क्यांना. वर्षभरानंतरही मोठा फरक टिकून होता. पहिल्या गटातल्या बाळांना जुलाब कमी झाले आणि त्यांचे लसीकरण जास्त पूर्ण झाले.

इतका फरक पाडणारे प्रशिक्षण किती दिवसांचे होते? दोन दिवसांचे, चार महिन्यांनी एक दिवसाची उजळणी. तासांवर प्रमाणपत्र तोलणाऱ्याने इथे थबकायला हवे, कारण आज बाजारात असलेल्या पुष्कळ अभ्यासक्रमांचे तास याहून जास्त आहेत. मात्र त्या दोन दिवसांच्या मागे दर महिन्याला अर्ध्या दिवसाची गटबैठक होती. कोणत्या घरात काय अडले, कोणती बाई बोलेना, कुणाचा नवरा भेटू देईना, हे त्या बैठकीत मांडले जाई आणि पुढच्या भेटीत काय करायचे ते ठरे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला, बाळंतपणानंतरच्या महिन्यात तीन आणि पुढे नऊ महिने दरमहा एक, अशा सोळा भेटींभर हे चालले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये याच पद्धतीची पुस्तिका सर्वांसाठी खुली केली.

हीच पद्धत गोव्यात आली तेव्हा ती कार्यकर्त्यांच्याही पलीकडे नेली गेली. ‘संगत’ या संस्थेच्या पुढाकाराने वस्तीतल्याच, स्वतः आया असलेल्या सामान्य स्त्रियांना शिकवून ‘सखी’ म्हणून तयार केले गेले आणि त्यांच्या कामावरही देखरेख ठेवली गेली. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आलेल्या या प्रयोगात नैराश्य असलेल्या २८० गरोदर स्त्रिया होत्या. सहा महिन्यांनी सखी मिळालेल्या गटात नैराश्यातून पूर्ण बाहेर आलेल्या स्त्रियांचे प्रमाण अधिक निघाले, पण लक्षणांच्या सरासरी तीव्रतेत ठोस फरक सिद्ध झाला नाही. रावळपिंडीच्या मानाने हे यश माफक आहे, आणि ते तसेच सांगितले पाहिजे. कुठल्याही अभ्यासक्रमाच्या जाहिरातीत एका देशातला सर्वांत झगझगीत आकडा दाखवून ‘आमच्या पद्धतीने इतके टक्के आया बऱ्या होतात’ असे लिहिलेले आढळले तर वाचणाऱ्याने सावध व्हावे. जागा बदलली, काम करणारी माणसे बदलली, मुळात मिळणारी सेवा बदलली की परिणाम बदलतो.

तिसरा पुरावा अमेरिका आणि कॅनडातला आहे आणि तो या प्रकरणाच्या वाचकांना सर्वांत जवळचा. २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘समिट’ या प्रयोगात १,२३० गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांना बोलण्यावर आधारलेला एक छोटा, सहा ते आठ भेटींचा उपचार दिला गेला. काहींना तो तज्ज्ञांकडून मिळाला, काहींना मानसोपचाराचा पूर्वानुभव नसलेल्या पण त्यासाठी खास शिकवलेल्या परिचारिका, सुईणी, डूला यांच्याकडून. कोणी समोरासमोर भेटले, कोणी व्हिडिओवर. बिगरतज्ज्ञांचा परिणाम तज्ज्ञांपेक्षा कमी पडला नाही, आणि व्हिडिओवरची भेट प्रत्यक्ष भेटीपेक्षा उणी ठरली नाही. डूलाने मनाच्या आजारात हातच घालू नये असे म्हणणाऱ्यांना याहून सरळ उत्तर देता येणार नाही. पण इथेही त्या एकट्या सोडलेल्या नव्हत्या. त्यांच्या कामावर सातत्याने देखरेख होती.

इथे एक हरकत अगदी रास्त आहे. या तिन्ही प्रयोगांत देखरेख होती हे खरे, पण देखरेखीमुळेच गुण आला हे यातून सिद्ध होत नाही. एका गटाला देखरेख द्यायची, दुसऱ्याला द्यायची नाही आणि बाकी सगळे सारखे ठेवायचे, अशी तुलना या प्रयोगांनी केलेली नाही. कदाचित पद्धतच चांगली असेल. हे मान्य करूनही मी निष्कर्ष बदलत नाही, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, परिणामाचा जो पुरावा आपल्या हाती आहे तो ‘पद्धत अधिक देखरेख’ या जोडीचा आहे. देखरेख वगळून फक्त पद्धत विकणारा अभ्यासक्रम या पुराव्यावर हक्क सांगू शकत नाही. त्याला आपला वेगळा पुरावा आणावा लागेल. दुसरे कारण कामाच्या स्वरूपात आहे. बाळंतिणीच्या खोलीत जे घडते ते दुसऱ्या कुणाला दिसत नाही. चुकीचा सल्ला दिला गेला तर तक्रार करण्याची ताकद त्या वेळी आईत नसते, आणि आपण चुकलो हे सल्ला देणारीलाही कळत नाही. आपली चूक आपल्यापर्यंत परत येण्याची वाट ज्या कामात नाही, त्या कामात नुसत्या अनुभवाने कौशल्य वाढत नाही. चुकीची सवय मात्र पक्की होते.

हे किती गंभीर असू शकते ते एका उदाहरणावरून दिसेल. नवी आई सांगते, ‘बाळाला अंघोळ घालताना मनात येतं, मी याला पाण्यात बुडवीन. सुरी दिसली की जीव घाबरतो.’ अर्धवट शिकलेली मदतनीस हे ऐकून हादरते, घरच्यांना बाजूला घेऊन सांगते की बाळ हिच्याजवळ एकटे ठेवू नका. वरवर हे काळजीपोटी केलेले वाटते. पण असे नको असलेले, अंगावर काटा आणणारे विचार नव्या आयांमध्ये आश्चर्य वाटावे इतके सर्रास येतात. कॅनडात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जवळपास निम्म्या आयांनी, आपल्या हातून मुद्दाम बाळाला इजा होईल असे विचार मनात येऊन गेल्याचे सांगितले. या विचारांनी आई स्वतः भेदरते, ती सुऱ्या लपवते, बाळाजवळ जायला घाबरते. तिला विचार आणि कृती यांतला फरक पक्का माहीत असतो. विचारांचा असा ससेमिरा थांबेनासा झाला तर तो मंत्रचळेपणाचा, म्हणजे ओसीडीचा प्रकार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. तिच्याकडून बाळ काढून घेतले की तिला वाटते, मी खरोखरच राक्षसीण आहे, आणि आजार वाढतो.

याच्या अगदी उलट प्रसूतीनंतरची तीव्र मनोविकृती. हजार बाळंतपणांमागे एक ते दोन इतकीच ती आढळते, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत अचानक सुरू होते. आई दोन-दोन रात्री झोपत नाही आणि तरी थकलेली दिसत नाही, असंबद्ध बोलते, बाळात देव किंवा सैतान आहे अशी तिची खात्री होते, आवाज ऐकू येतात. तिला आपल्या कल्पनांची भीती वाटत नाही, त्या तिला खऱ्या वाटतात. ही तातडीची वैद्यकीय स्थिती आहे. त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे आणि तोवर आई व बाळ दोघांजवळ सतत जबाबदार माणूस हवे. आपल्याकडे यालाच ‘बाहेरचं लागलं’ म्हणून उतारे टाकण्यात दिवस जातात. वरच्या दोन स्थितींतला फरक पुस्तकात चार ओळींत लिहिता येतो आणि परीक्षेत अचूक ओळखताही येतो. प्रत्यक्षात मात्र आई अर्धे वाक्य बोलून थांबते. त्या थांबलेल्या वाक्यापुढे शांतपणे कोणता प्रश्न विचारायचा, हे कोणीतरी आपले बोलणे ऐकून दुरुस्त केल्याशिवाय अंगी येत नाही. प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखण्यासाठीच्या एडिनबरा मापनीचेही तसेच. कॉक्स, होल्डन आणि सगोव्स्की यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेली ही दहा प्रश्नांची यादी आज जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवली जाते. तिची बेरीज कोणालाही करता येते. पण दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे, आणि बेरीज कितीही कमी आली तरी त्या एका उत्तरावर थांबून बोलावेच लागते, हे किती ठिकाणी करून पाहायला लावतात?

करून पाहायला लावून तपासण्याची साधने नाहीत असे म्हणता येणार नाही. नेपाळमधल्या कामातून ब्रँडन कोर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘एनॅक्ट’ ही मापनी मांडली. तीत शिकणाऱ्याने नाट्यरूप संवाद करायचा आणि परीक्षकाने ऐकणे, धीर देणे, आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारणे, कुटुंबाला सामील करणे अशा एकेका कौशल्याला गुण द्यायचे. नुकसान करणारे वागणेही त्यात वेगळे नोंदले जाते. आईला उपदेश करणे, ‘इतर बायका करतातच की’ म्हणून तिला लाजवणे, तिने सांगितलेले घरात फोडणे. याच धर्तीवर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ‘इक्विप’ नावाचा मंच उभा केला आहे आणि त्यातली साधने विनामूल्य आहेत. जी संस्था हजारो रुपये फी घेते तिला नाट्यरूप परीक्षा परवडत नाही, हे पटण्यासारखे नाही.

परदेशी अभ्यासक्रम घ्यावा की नाही, या प्रश्नाचे उत्तरही इथूनच निघते. आजारांचे वर्णन सगळीकडे बरेचसे सारखे आहे, ते कुठूनही शिकता येईल. पण आई आजारी का पडते आणि तिला कुठे पोचवायचे, ही दोन उत्तरे स्थानिक असतात. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात केलेला, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. २७० गरोदर स्त्रियांपासून सुरुवात करून, बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांना २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळले. त्याच्याशी जोडलेली कारणे होती गरिबी, नवऱ्याकडून होणारी मारहाण आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. मुलगी झाली म्हणून घरात पसरलेली शांतता कॅलिफोर्नियातल्या अभ्यासक्रमात नसणार. त्यात त्या अभ्यासक्रमाचा दोष नाही. पण महाराष्ट्रात काम करणारीला ती ओळखता आली पाहिजे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो, हेही तिला ठाऊक हवे.

कायद्याचे आणखी दोन मुद्दे प्रत्येकीला माहीत असावेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ कोणाला म्हणायचे ते लिहिलेले आहे. त्यात मानसोपचारतज्ज्ञ येतात, राज्य प्राधिकरणाकडे नोंदलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार परिचारिका आणि मनोविकार समाजकार्यकर्ते येतात, आयुषच्या ठरावीक पदव्युत्तर पदव्या असलेले येतात. वीस तासांचे कोणतेही प्रमाणपत्र, देशी असो वा परदेशी, तुम्हाला या यादीत बसवत नाही. जे प्रमाणपत्र याचा स्पष्ट उल्लेख टाळते आणि ‘उपचार करा’ असे सुचवते, ते दूर ठेवावे. दुसरा मुद्दा आईला धीर देणारा आहे. याच कायद्याच्या कलम २१ नुसार मानसिक आरोग्य संस्थेत दाखल झालेल्या स्त्रीचे तीन वर्षांखालील मूल एरवी तिच्यापासून तोडायचे नाही. धोका असेल म्हणून वेगळे ठेवलेच, तर दर पंधरा दिवसांनी त्या निर्णयाचा फेरविचार करायचा. ‘दाखल केलं तर बाळ नेतील’ या भीतीने घरचे उपचार लांबवतात, तेव्हा ही माहिती कामाची ठरते. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई आणि बाळाला एकत्र दाखल करून घेणारा विभाग २००९ पासून चालू आहे. तसे विभाग आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत नाहीत, ही मोठी उणीव आहे. म्हणूनच प्रशिक्षण संपताना शिकणारीच्या हातात तिच्या तालुक्यापुरती यादी असायला हवी: जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी असतो, रात्री कुठे जायचे, टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. आणि स्तनपान चालू आहे म्हणून गोळ्या बंद करा, असा सल्ला आपण कधीही द्यायचा नाही. नैराश्यावरची सरट्रालीनसारखी औषधे दुधात अत्यल्प प्रमाणात उतरतात. निर्णय डॉक्टरांचा आहे, आणि अचानक थांबवलेल्या औषधाने आई पुन्हा कोसळू शकते.

आता सर्वांत व्यावहारिक हरकत. देखरेख करायला माणसे आणायची कुठून? मुळात तज्ज्ञ नाहीत म्हणूनच बिगरतज्ज्ञांना शिकवायचे, आणि वर प्रत्येकीमागे तज्ज्ञ उभा करायचा, हे गणित जमणार कसे? हा प्रश्न खरा आहे, पण त्याचे उत्तरही गोव्यातच शोधले गेले आहे. तिथे बिगरतज्ज्ञ समुपदेशकांनी एकमेकींच्या भेटींची ध्वनिमुद्रणे, अर्थात परवानगीने, ऐकून गुण देण्याची पद्धत तपासली गेली आणि सहकारी समुपदेशकांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले. म्हणजे दर बैठकीला तज्ज्ञ लागत नाही. सहा जणींचा गट, महिन्यातून एक बैठक, अवघड प्रकरणापुरता एक तज्ज्ञ व्हिडिओवर, एवढ्यावर काम चालू शकते. सरकारी यंत्रणेत तर याची जागा आधीच तयार आहे. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी या कार्यक्रमात आशाताई दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. सहा भेटी, आणि त्याही नेमक्या धोक्याच्या काळात. तिच्यावर गटप्रवर्तक असते. महिन्याची बैठक होतेच. त्या बैठकीत बाळाच्या वजनाबरोबर आईच्या झोपेची, रडण्याची विचारपूस आली तर रावळपिंडीतली रचना आपल्याकडे उभी राहण्याचा पाया तयार होईल. मात्र आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे. मोबदल्याशिवाय हे आणखी एक काम त्यांच्या अंगावर टाकणे अन्यायाचे होईल, आणि ते कागदापुरतेच उरेल.

खासगी क्षेत्रातली डूला किंवा समुपदेशक म्हणेल की माझ्याकडे येणारी कुटुंबे नावाजलेले प्रमाणपत्रच विचारतात, देखरेखीचे त्यांना काही घेणेदेणे नाही. बाजार असा चालतो हे खरे. परदेशातल्या मराठी कुटुंबांबरोबर ऑनलाइन काम करणारीला पीएमएच-सीसारखी ओळख उपयोगी पडेल आणि दोन वर्षांचा अनुभव गाठीशी असेल तर तिने ती जरूर मिळवावी. पण त्या परीक्षेआधी किंवा नंतर गटदेखरेखीची सोय स्वतः उभी करणे ही तिची जबाबदारी उरतेच. या देखरेखीचा लाभ तिलाही आहे. मृत बाळाच्या आईजवळ बसणे, अतिदक्षता विभागाबाहेर ताटकळणाऱ्या बापाशी बोलणे, आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या बाईला सोडून रात्री घरी परतणे, हे सगळे मनावर साचते. ज्यांना ते बोलायला जागा मिळत नाही, त्या काही वर्षांत हे काम सोडतात, किंवा हळूहळू ऐकायचे सोडून देतात.

समुपदेशनाने गरिबी हटत नाही आणि मारणारा नवरा सुधारत नाही, मग हा सगळा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. गोव्यातल्या अभ्यासाने दाखवलेली कारणे पाहता हा आक्षेप हलका नाही. त्या कारणांशी लढाई वेगळ्या पातळीवर व्हायला हवी. पण रावळपिंडीतल्या स्त्रियाही गरीब होत्या, त्यांच्या परिस्थितीत वर्षभरात काही क्रांती झाली नव्हती, तरी नैराश्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण लक्षणीय वाढले. आणि नैराश्यातून बाहेर आलेली आई आपल्या हक्कासाठी उभी राहण्याच्या स्थितीत तरी असते.

तेव्हा फी भरण्याआधी संस्थेला फोन करा आणि विचारा. प्रमाणपत्र मिळाल्यानंतरच्या सहा महिन्यांत माझे काम कोण ऐकेल, किती वेळा, आणि मध्यरात्री अडले तर मी कोणाला विचारायचे? प्रत्यक्ष संवाद करवून तुम्ही माझी परीक्षा घेता का? माझ्या जिल्ह्यात आईला कुठे पाठवायचे, हे तुम्ही शिकवता का? ‘आमचा व्हॉट्सॲप गट आहे’ एवढेच उत्तर मिळाले तर तो अभ्यासक्रम माहिती देणारा आहे असे समजा, त्या मानानेच पैसे द्या आणि कामाची तयारी दुसरीकडून करा. थिंकिंग हेल्दीची पुस्तिका आणि इक्विपची साधने फुकट मिळतात. तेव्हा खर्चाला हाताशी जे पैसे असतील ते दर महिन्याला तुमच्या गटाबरोबर तासभर बसणाऱ्या अनुभवी माणसाच्या मानधनासाठी आधी बाजूला काढून ठेवा, आणि परीक्षेची फी त्यानंतर उरलेल्या पैशांतून भरा.